बाकाची उंची

कामाच्या बाकाच्या चारही पायांखाली लाकडाचे दोन-दोन तुकडे जोडलेले आहेत. वरचा पंचेचाळीस मिलिमीटरचा, काळपट. खालचा चाळीसचा, अजून पिवळसर. जोड इतका घट्ट की नखसुद्धा शिरत नाही. आप्पा त्यांच्या वडिलांपेक्षा उंच निघाले तेव्हा वरचा तुकडा लागला आणि दादा आप्पांपेक्षा उंच निघाला तेव्हा खालचा. आजोबांनी बाक केला तेव्हा तो आठशे वीस होता, आता नऊशे पाच आहे. तीन पिढ्यांत तो फक्त वर गेला होता.

धाकटी, दादाची बहीण, बुटक्या स्टुलावर बसून हे जोड पाहत होती, कारण मान वर केली असती तर दादाचे गुडघे दिसले असते. चाकांची खुर्ची बाकाजवळ आणताना ते बाकाच्या खणावर आपटले होते. दादाला ते लागलं नव्हतं. आवाज ऐकून त्याने खाली पाहिलं होतं.

पडून पाठीच्या कण्याला मार बसल्यावर पाच महिन्यांनी तो घरी आला होता, तोही एका दिवसासाठी. पुनर्वसन केंद्राची गाडी सकाळी दहाला त्याला सोडून गेली होती आणि पाचला परत न्यायला येणार होती. घर जिन्यांच्या कारखान्याच्या वर होतं. मध्ये एकोणीस पायऱ्यांचा जिना होता, आजोबांनी केलेला. म्हणून आज घरच खाली आलं होतं. आत्याने वरून खुर्च्या, ताटं आणि पाण्याचा जग आणला होता आणि जेवण बाकावरच झालं होतं. बाकाचा काठ दादाच्या छातीशी येत होता. लहान मूल मोठ्यांच्या टेबलावर जेवावं तसा तो हात उचलून जेवला.

"उंटा, मान खाली घाल जरा, केसांत भुसा पडलाय," आत्या म्हणाली. तो सोळा वर्षांचा असल्यापासून ती त्याला उंटच म्हणायची.

"आता कशाला घालू? आता तूच उंच."

"बरं झालं बाई. वीस वर्षं तुझ्याशी बोलून माझी मान धरली होती."

सगळे हसले. दादाही हसला. मग वहिनीने हात पुसून पिशवीतून केंद्राचा कागद काढला.

वहिनी पोस्टाच्या खिडकीवर काम करायची. कागद समोरच्याकडे तोंड करून ठेवायची तिची सवय होती, तसाच तो तिने आप्पांसमोर ठेवला.

"उद्या नऊला द्यायचाय. दोनदा मुदत वाढवून घेतली, आता नाही म्हणतात. पहिली चौकट म्हणजे आणखी तीन महिने तिथंच, चालण्याचा सराव. दुसरी म्हणजे घरी. बसून काम करायला शिकवतील, माणूस इथे येईल, काय काय बदलायचं ते सांगेल."

"यात विचारायचं काय?" आप्पा म्हणाले. "पहिली."

"मिस्त्री, ज्याचे पाय त्याला विचार की," आत्या म्हणाली. ती आप्पांची मोठी बहीण, आणि त्यांना मिस्त्री म्हणणारी घरात ती एकटीच.

"अक्का, तू मध्ये पडू नकोस. आपल्याकडे आकडा आहे."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक मापाची पट्टी टांगली होती. जिना करायचा असला की आप्पा अशी नवी पट्टी घेत, तिच्यावर पायऱ्यांची उंची आखत आणि काम संपेपर्यंत दुसरं माप वापरत नसत. या पट्टीवर एकच आकडा होता, मिलिमीटरमधला. दोन पूर्णांक आठ. खाली दोन बारीक रेघा, एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर.

तो आकडा धाकटीने आणला होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती एमआरआयच्या चित्रांवर मोजमाप करायची. मणक्यातल्या मज्जारज्जूला मार लागला की मधला भाग चित्रात पांढरा दिसतो. त्याच्या पुढे-मागे कधी कधी शाबूत उतीची एक काळसर पट्टी उरलेली असते. ती किती रुंद आहे ते अपघातानंतर महिन्याभराने मोजायचं. जितकी रुंद, तितकी पुढे सुधारणा व्हायची शक्यता जास्त. त्या पट्टीला तिच्या विभागात पूल म्हणत. घरीही तिने तोच शब्द वापरला होता, आणि तेव्हापासून ती आली की आप्पा दारातच विचारायचे, "किती झाला पूल?"

"आता मोजायची वेळ नाही, आप्पा," ती म्हणायची आणि चपला काढायला खाली वाकायची.

*

वहिनी कागदाची घडी बोटाने सपाट करत राहिली. घडी केव्हाच सपाट झाली होती.

तिलाही पहिलीच चौकट हवी होती. आत्याने तिला कितीदा समजावलं होतं की अगं, घरी आण त्याला, माणूस घरात असला की घराचं तोंड तरी दिसतं. आणि दर वेळी वहिनीने आप्पांची बाजू घेतली होती. तिचं कारण आकडा नव्हता. तिचं कारण अकरावी पायरी होती.

जिन्याची अकरावी पायरी वाजायची. जिने करणाऱ्याच्या घरी पायरी वाजते म्हणून लोक हसायचे. दादाने ती कधी दुरुस्त केली नाही. "राहू दे, तुला कळतं ना मी आलो ते," असं म्हणायचा, आणि वर येताना त्या पायरीवर मुद्दाम दोनदा पाय द्यायचा. तो पडल्यापासून वहिनी ती पायरी ओलांडून वर जात होती. हातात सामान असलं तरी. तो आवाज त्याच्यासाठी ठेवलेला होता. असं कोणाला सांगितलं असतं तर वेड लागलं म्हटलं असतं.

रोज संध्याकाळी ती केंद्रात जायची. दोन दांड्यांच्या मधून तो चालायचा, पायांना पट्ट्या, मागे कमरेला धरलेला माणूस. महिन्यापूर्वी सोळा पावलं. काल सोळा पावलं. शेवटच्या पावलानंतर त्याचा चेहरा राखेसारखा व्हायचा आणि तो तिच्याकडे न बघता विचारायचा, "किती?" ती सोळा म्हणायची. एकदा तिने अठरा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः मोजू लागला.

"तू काय म्हणतेस?" आप्पांनी तिला विचारलं. "पहिली ना?"

"मी..." वहिनी म्हणाली. "त्याने एकदा जिना चढावा एवढंच मला..."

"झालं तर. दोघं झालो." आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली. "धाकटे, नवा आकडा सांग. कागदावर लिहू म्हणजे तीनाचे चार महिनेही देतील. चार महिन्यांत किती वाढला?"

धाकटी स्टुलावरून उठली.

"तो वाढत नसतो, आप्पा."

"म्हणजे?"

"पूल वाढत नाही. उरलेला असतो. लाकूड जळाल्यावर जेवढं शाबूत राहिलं तेवढंच. ते वाढत नाही, फक्त त्याच्यावरून किती भार जाईल ते ठरतं."

"हे पहिल्यांदा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही पट्टीवर रेघा मारत होतात."

आप्पांनी क्षणभर पट्टीकडे पाहिलं. "बरं. नाही वाढत तर नको वाढू दे. दोन पूर्णांक आठ आहे ना? तूच म्हणालीस, एवढा असला की बरेच जण चालतात."

"दोन पूर्णांक आठ नाहीये."

आत्या ताटं गोळा करत होती, ती थांबली.

"मी चुकीचं मोजलं," धाकटी म्हणाली. आवाज तिच्या कामाच्या जागी असतो तसाच होता, सपाट. "एमआरआयचं चित्र एक नसतं. ओंडक्याच्या फळ्या काढाव्यात तशी ती कापं असतात, तीन-तीन मिलिमीटर जाडीची. मोजायचं ते बरोबर मधल्या कापावर. मी शेजारचं घेतलं."

मग आप्पा हळूच म्हणाले, "गाठीच्या शेजारची फळी."

"हो."

"ती कायम स्वच्छ दिसते."

"हो, आप्पा."

"हे तुला मी शिकवलं होतं. या बाकावर. आठ वर्षांची होतीस."

"मग? खरा किती?" हे दादाने विचारलं. कागद निघाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"एक पूर्णांक एक."

"कोणी मोजलं?"

"विभागातल्या दोघांनी. वेगवेगळं. नाव झाकून. एकाचा एक पूर्णांक एक, दुसऱ्याचा एक पूर्णांक दोन. आमच्याकडे नियमच आहे, प्रत्येक चित्र दोघांनी मोजायचं. आणि..." ती थांबली.

"आणि?"

"आणि आपल्या माणसाचं मोजायचंच नाही. फाइल मी मागून घेतली होती. म्हटलं, दुसऱ्या कोणी घाईत कमी मोजलं तर?"

"कधी कळलं तुला?"

"दोन महिन्यांपूर्वी."

*

दादाने खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी धरली. जाणार कुठे होता? मागे रंध्याचं यंत्र, पुढे बाक. त्याने चाकं सोडली.

"दोन महिने," तो म्हणाला. "त्या दांड्यांमध्ये मी काय म्हणायचो ठाऊक आहे तुला? देवाचं नाव नाही. दोन पूर्णांक आठ. प्रत्येक पावलाला. माझ्या शेजारच्या खाटेवरच्याचा एक पूर्णांक नऊ होता, मला त्याची कीव यायची. तो आता काठी घेऊन बागेत जातो. आणि मी रात्रंदिवस विचार करतोय की एवढा रुंद पूल असून मला जमत कसं नाही, म्हणजे मीच आळशी, मीच कमी पडतोय!"

"दादा..."

"अंग एक सांगत होतं, तुझा आकडा दुसरं. मी अंगाला खोटं ठरवलं. कारण तू शिकलेली. तू कधी चुकत नाहीस."

"ओरड," आत्या म्हणाली. "ओरड तिच्यावर, पण पाणी पी आधी."

"मला नको पाणी."

"मग मला दे तो जग." ती जग घेऊन खुर्चीत बसली. "पोरी, तुला दोन महिने झोप तरी कशी लागली गं?"

"नाही लागली."

धाकटी रडत नव्हती. ती रडली असती तर दादाला सोपं गेलं असतं. लहानपणी तिने त्याच्या पतंगाला चुकून कात्री लावली होती तेव्हाही ती अशीच हात शरीराला चिकटवून उभी होती, शिक्षा ऐकायला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याने तिला काहीच केलं नव्हतं. आज त्याला तेवढं मोठं होता येईना.

"एक पूर्णांक एक म्हणजे काय?" त्याने विचारलं. "नीट सांग. मला बरं वाटेल असं नको."

"आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही. तुझ्यासारखा मार लागलेल्या पुष्कळ माणसांना एकत्र पाहिलं तर काय दिसतं, एवढंच तो सांगतो." ती शब्द मोजून बोलत होती. "एवढ्या पुलावर बहुतेक जण घरात, आधाराने, थोडी पावलं चालतात. काही तेवढंही नाही. दिवसभर उभं राहून काम करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. जिना चढताना... एकाला पाहिलंय. त्याला मागून दोघांनी धरलं होतं."

"आणि तीन महिने आणखी तिथं राहिलो तर?"

"सोळाची वीस होतील. कदाचित. पण हातांना, खांद्यांना जे शिकवायचं ते मागे पडेल."

वहिनीच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ती पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. पोस्टाची एक जुनी पावती तिने बाकावर ठेवली. पाठीवर पेन्सिलने एक खोली आखली होती. दार, खिडकी, पलंग, पलंगाच्या बाजूने खुर्ची वळायला जागा.

"ही आपली इथली, खालची मागची खोली," ती दादाला म्हणाली. "कठड्याच्या काठ्या ठेवतो ती. काठ्या हलवल्या की पलंग बसतो. दाराची चौकट साठ मिलिमीटर रुंद करावी लागेल."

"कधी काढलंस हे?"

"तू सोळावर अडकलास तेव्हा."

"मग मघाशी पहिली चौकट म्हणालीस ती?"

"ती माझ्यासाठी म्हणाले," वहिनी म्हणाली. "मला तो आवाज ऐकायचा होता रे. अकरावीचा."

*

आप्पांना ते ऐकायला नको होतं. अकरावी पायरी पाच महिन्यांत वाजलेली नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तेही ती ओलांडत होते, गुडघे दुखत असताना. त्यांना वाटत होतं, घरात आपण एकटेच.

ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पट्टी खिळ्यावरून काढली. आत्याला वाटलं आता मोडणार. पण आप्पांनी उभ्या आयुष्यात सरळ लाकूड मोडलं नव्हतं. त्यांनी पट्टी बाकाच्या शिकंज्यात धरली, हातरंधा घेतला आणि एकदा, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत फिरवला. एक लांब पातळ सालपट वळत वळत खाली पडलं. दोन पूर्णांक आठ त्याच्यावर होते. धाकटीने ते उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

आता पट्टी कोरी होती.

"हात खाली सोड," आप्पा दादाला म्हणाले.

दादाला लगेच कळलं. अठराव्या वर्षी त्याला याच जागी उभं केलं होतं. बाकाची उंची ठरवायची तर माणसाने सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, आणि मनगट जिथे येईल तिथे वडिलांनी खूण करायची. मग वडील आकडा मोठ्याने सांगत आणि त्याप्रमाणे पायांखाली तुकडा बसत असे.

"हात सोडला तर मनगट चाकाच्या आऱ्यांत जाईल, आप्पा. बसून मनगटाचं माप कसं चालेल?"

"मग कशाचं?"

"कोपराचं. कोपर वाकवून." दादाने हात वाकवून दाखवला. "केंद्रात एकाने सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं."

आप्पा पट्टी घेऊन वाकले, पण पट्टीचं टोक जमिनीवर स्थिर राहीना.

"तुम्ही नका," दादा म्हणाला. मग धाकटीकडे न बघता म्हणाला, "ती मोजेल."

ती हलली नाही. "मी नको."

"तूच. आणि नंतर हीही मोजेल," त्याने वहिनीकडे मान केली. "वेगवेगळं. एकीने दुसरीचं बघायचं नाही. आकडा बोलायचा नाही, लिहायचा. नियम आहे ना तुमचा?"

धाकटी गुडघ्यांवर बसली. पट्टीचं टोक फरशीला टेकवताना तिने खाली बोट घालून भुसा बाजूला केला. खूण केली, टेप लावला, पुन्हा लावला, आणि केंद्राच्या कागदाच्या मागे एका कोपऱ्यात आकडा लिहून तो कोपरा दुमडला. मग पट्टी उलटी करून वहिनीच्या हातात दिली. वहिनीने वेळ घेतला. मोजताना तिचा हात दादाच्या कोपरावर जरुरीपेक्षा जास्त वेळ राहिला, आणि त्याने तो तसाच राहू दिला.

"तिसरी लागली तर मी आहे हो," आत्या म्हणाली. "फक्त चष्मा वर राहिलाय."

दोन्ही आकडे आप्पांनी उघडले. सातशे चाळीस. सातशे चाळीस.

धाकटीने श्वास सोडला. दादाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. नजरेत माफी नव्हती. पण तिने लिहिलेल्या आकड्याखाली त्याने बोट ठेवलं आणि बोट तिथून काढलं नाही.

"नऊशे पाचाचे सातशे चाळीस," आप्पा म्हणाले. "म्हणजे..." त्यांना वजाबाकी येत नव्हती असं नाही. त्यांनी खाली बसून पायाच्या पिवळसर तुकड्यावर अंगठा फिरवला, मग काळपट तुकड्यावर, मग त्याच्या वर, जिथे आजोबांचं लाकूड सुरू होत होतं. तिथे अंगठा थांबला.

"माझी उंची माझ्या वडिलांनी सांगितली," ते खालूनच म्हणाले. "तुझी मी सांगितली. ही मला सांगता यायची नाही, पोरा. बाक तुझा. तू सांग."

रस्त्यावर कुठेतरी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तीनच वाजले होते.

दादाने बाकाच्या काठावर तळवा ठेवला. छातीच्या उंचीवरचा तो काठ त्याने वीस वर्षं कमरेशी अनुभवला होता. किती ठिकाणी करवतीचे ओरखडे होते, आणि त्यातले कुठले आपले, कुठले आप्पांचे, हे त्याला बघायला लागत नव्हतं. थोडा वेळ तो नुसता हात फिरवत राहिला.

"पेन दे," तो वहिनीला म्हणाला. मग पेन तिच्याच हातात राहू देत म्हणाला, "नाही, तूच कर. दुसऱ्या चौकटीत खूण कर. मी घरी येतोय."

वहिनीने खूण केली.

"आणि आप्पा, खण काढा, माझे गुडघे लागतात. मग माझा तुकडा काढा, तुमचा काढा, आणि आजोबांच्या लाकडातले ऐंशी कापा. आत्ता, गाडी यायच्या आत. मला बघायचंय."